मांजरखाऊंचा रोझोलिनो

रोक्काफिकोत कोणी कोणाला नाव विचारत नाही, कारण विचारून काही उपयोग नसतो. गावाचा संत ओनोफ्रियो, त्यामुळे घरटी एक ओनोफ्रियो. त्यात निम्म्या गावाचं आडनाव त्रोवातो. चौकात उभं राहून "ओनोफ्रियो त्रोवातो" अशी हाक मारली, तर बाकावरचे म्हातारे एकदम माना वळवतील, न्हाव्याच्या खुर्चीतला अर्ध्या दाढीचा माणूस उठून उभा राहील, आणि वरच्या सज्जातून एखादी बाई ओरडेल, "कोणता हवाय? जिवंत की मेलेला?" म्हणून इथे एकच प्रश्न विचारतात: "तू कोणाचा?" त्याचं उत्तर म्हणजे घराण्याला गावाने दिलेलं टोपणनाव. कोणी अर्धीमिशीचा, कोणी चमचाचोरांचा. एका घराण्याचा आजोबा रोमला जाऊन आला आणि वर्षभर पोपच्या स्वयंपाकघरातल्या गोष्टी सांगत राहिला, तेव्हापासून ती मंडळी पोपचे जावई झाली, ती आजतागायत.

मोजणीदार रोझोलिनो त्रोवातोने या प्रश्नाचं सरळ उत्तर कधी दिलं नाही. कारण त्याचं घराणं मांजरखाऊंचं.

ती हकीकत अशी. उपासमारीच्या एका साली रोझोलिनोच्या आजोबाने संताच्या सणाला सशाचा रस्सा केला आणि गावच्या पाद्रीबाबांना जेवायला बोलावलं. पाद्रीबाबांनी दोनदा मागून घेतलं, बोटं चाटली, तृप्त होऊन आशीर्वाद दिला, आणि घरी जाऊन दिवसभर आपल्या मांजराला हाका मारत बसले. गावाने दुसऱ्या दिवशी सकाळी नाव ठेवलं. आजोबाने ते मुकाट्याने घेतलं, आणि त्याच्या मुलाने, म्हणजे रोझोलिनोच्या बापाने, तर ते मिरवलंच.

हा बाप ओनोफ्रियो, गावचा रिकोट्टावाला. पहाटे मेंढीच्या दुधाचं रिकोट्टा, पनीरासारखं पण त्याहून मऊ, रटरटत काढायचा, भांडी तीनचाकीत घालायचा आणि गल्लीगल्लीतून ओरडत जायचा, "मांजरखाऊ आला, गरम रिकोट्टा, म्याव!" दारादारांतून पोरं उलट "म्याव" करत वाडगे घेऊन धावायची. ज्याच्याकडे देण्यासारखं काही नसे त्याचाही वाडगा भरायचा आणि मागे वळून बघायचा नाही. त्या आवाजावर गाव उठत असे. फक्त एक पोरगं त्या आवाजाने बाकाखाली डोकं घालत असे. शाळेची खिडकी नेमकी गल्लीवर होती, अख्खा वर्ग खिडकीतून म्याव करी, आणि रोझोलिनो तेवढा वेळ खाली न पडलेली पेन्सिल शोधत राही.

लाजेने माणूस फार शिकतो. रोझोलिनो शिकला, मोजणीदार झाला, जिल्ह्याच्या शहरात गेला, एरसीलिया नावाच्या शिक्षिकेशी लग्न केलं आणि दारावर पितळी पाटी लावली. लोकांच्या जमिनीच्या हद्दी तो हाताच्या रुंदीइतक्या अचूक दाखवायचा. स्वतःची हद्द मात्र त्याने गावापासून जितकी लांब नेता येईल तितकी नेली. गावाला जायचा तो वर्षातून एकदा, गाडीच्या काचा वर करून.

मग त्याला रोममधल्या एका संस्थेची जाहिरात दिसली. आडनाव कळवा, फी पाठवा, तुमचं मूळ शोधून देतो. थोड्याच दिवसांत जाड कागदावर उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की त्रोवातो घराणं म्हणजे पालेर्मोच्या सम्राटाच्या दरबारातले कवी. सोबत घराण्याचं मानचिन्हही होतं: निळी ढाल, आणि तीवर मागच्या पायांवर उभा राहून वीणेसारखं काहीतरी वाजवणारा सोनेरी सिंह. सिंहाला वीणा कोणी दिली हे विचारण्याची रोझोलिनोला गरज वाटली नाही. त्याने तो सिंह पाटीवर कोरून घेतला, भेटपत्रांवर छापला, अंगठीवर खोदला, आणि पाहुणे येणार असले की हात पुसायच्या रुमालांवर भरतकामातही तोच.

बापाला दाखवायला तो ढाल घेऊन खास गावी गेला. म्हाताऱ्याने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"मांजर जरा लठ्ठ आहे," तो म्हणाला.

"बाबा, सिंह आहे तो. आपण कवींच्या वंशातले आहोत."

"कवी? तुझ्या पणजोबाला सही येत नव्हती रे. अंगठा द्यायचा, तोही डावा की उजवा हे विचारून." म्हाताऱ्याने ढाल परत केली. "त्रोवातो म्हणजे सापडलेला. वर मठाच्या भिंतीत लाकडी फिरतं कपाट होतं. ज्यांना पोर पोसवत नव्हतं ते त्यात ठेवायचे, फिरवायचे, घंटा वाजवून पळायचे. आतली नन बाहेर काढायची आणि लिहायची, सापडलेला. पुढचं आलं, तोही सापडलेला. अर्ध्या गावाचा आजा-पणजा त्या कपाटातून आलाय. ते नाव ननने सगळ्यांना सारखं वाटलं, आश्रमातल्या सदऱ्यासारखं. मांजरखाऊ मात्र या गावानं खास आपल्यासाठी बनवलंय. आता सांग, आपलं नाव कोणतं?"

रोझोलिनोने ढाल कागदात गुंडाळली आणि काचा वर करून निघून गेला. अडाण्यांशी वाद घालू नये असं त्याने एरसीलियाला सांगितलं. एरसीलिया वह्या तपासत होती, तिने मान वर केली नाही.

पुढे म्हाताऱ्याचे गुडघे गेले, तीनचाकी विकली गेली, आणि एका हिवाळ्यात रोझोलिनोने त्याला शहरातल्या घरी आणलं. तिथे त्याचे हाल नव्हते, पण त्याला कोणी हाक मारत नव्हतं. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाला तो विचारायचा, "तू कोणाचा?" आणि लोक मजल्याचा आकडा सांगायचे. वसंतात त्याने अंथरूण धरलं. तेव्हा त्याने मुलाचा हात धरून एकच गोष्ट मागितली.

"मी गेलो की भिंतीवर लावायच्या कागदावर मांजरखाऊ लिही. नाहीतर मी मेलो हे कळणार कोणाला? चर्च भरलेलं पाहिजे, पोरा. मी रोज सकाळी प्रत्येकाच्या दारात गेलो. एक दिवस त्यांनी माझ्याकडे यावं. एकट्यानं नाही जायचं मला."

"असलं काही बोलू नका, बाबा," रोझोलिनो म्हणाला आणि त्याने हातावर थोपटलं. यात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. मोजणीदाराने मनात नोंद केली की आपण वचन दिलेलं नाही.

म्हातारा गेला. आमच्याकडे माणूस गेला की काळ्या काठाचा मोठा कागद गावाच्या भिंतींवर लागतो. त्यावर फोटो, वय, मुलं, सुना, नातवंडं, आणि नावाखाली "ज्यांना अमुक म्हणत" ही ओळ. ती ओळ वाचूनच लोक टोपी काढतात. बाकीचं सगळं शोभेला.

"मांजरखाऊ लिहिणार ना?" एरसीलियाने विचारलं.

"दुखण्यात माणूस काहीही बोलतो."

"दुखणं गुडघ्यात होतं," एरसीलिया म्हणाली, "डोक्यात नव्हतं."

पण रोझोलिनोचं ठरलं होतं. गावातल्या छापखान्यात गेला असता तर त्यांनी ती ओळ न विचारता घातली असती, म्हणून कागद शहरात छापला. शवपेटी, गाडी आणि खांदेकरीही शहरातलेच. बापाचा एकच बरा फोटो होता, त्यात तो हातात झारा घेऊन हसत होता आणि टोपी तिरकी होती, तो बाद. त्या जागी सिंह बसला, वीणेसकट. खाली एक लॅटिन ओळ आली. तिच्यासाठी जागा कमी पडली, म्हणून वय गेलं. चुलतभावंडांत एक मेंढपाळ आणि एक मासेवाला होता, म्हणून नातेवाइकांची नावं गेली. "प्राचीन घराण्याचे शोकाकुल कुटुंबीय" एवढंच राहिलं. मधोमध मोठ्या अक्षरांत: ओनोफ्रियो त्रोवातो. खाली चर्च आणि वेळ. शहरातल्या माणसाने आदल्या दिवशी तो कागद गावभर चिकटवला. रोझोलिनोला तो इतका भारदस्त वाटला की एक प्रत त्याने स्वतःसाठी ठेवली.

आता गावात आणखी एक ओनोफ्रियो त्रोवातो होता, त्याच्याबद्दल सांगायला हवं. हा पोपच्या जावयांपैकी. गावाखालच्या उतारावर त्याची विहीर होती, आणि उन्हाळ्यात सगळ्या बागा तिच्या पाण्यावर. कोणाला किती पाणी आणि कधी, हे तो ठरवायचा. कोणी तोंड वर करून बोललं की त्याच्या बागेच्या पाण्याची झडप बंद, मग लिंबं झाडावर सुकली तरी याला दया नाही. सगळे त्याला पाणीवाला म्हणत आणि तो निघून गेल्यावर थुंकत. बायको मरून गेली होती, मूलबाळ नव्हतं, आणि तो विहिरीजवळच्या घरात एकटा राहायचा. त्यालाही कधीतरी तीच जाहिरात दिसली होती. संस्थेकडे त्रोवातोंसाठी एकच सिंह होता, तो मागेल त्याला जात होता. पाणीवाल्याने तो आपल्या लोखंडी फाटकावर दोन्ही बाजूंना बसवला होता. गाव येता-जाता तो बघत असे. रोझोलिनोला मात्र हे ठाऊक नव्हतं, कारण खालच्या रस्त्यानेही तो काचा वर करूनच जायचा. आणि हा पाणीवाला ईस्टरच्या आधीपासून शहरातल्या इस्पितळात पडून होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

सिंहाचा कागद भिंतीवर लागला आणि गावाने तो एका नजरेत वाचला. फाटकावरचा सिंह, प्राचीन घराणं, लॅटिन, आणि रडायला एकाही नातेवाइकाचं नाव नाही. यात विचारण्यासारखं काय होतं? चौकात बार चालवणारा जेर्लांदो अर्धीमिशी दारात येऊन म्हणाला, "गेला एकदाचा," आणि त्याने सगळ्यांना स्वतःच्या खर्चाने कॉफी पाजली, जी गोष्ट त्याने मुलीच्या लग्नातही केली नव्हती. अंत्यविधीला कोणी कोणी जायचं यावर फार वेळ गेला नाही. कोणीच जाणार नव्हतं.

सकाळी रोझोलिनो आला तो काळा सूट, अंगठी आणि मनात आभाराचे चार शब्द घेऊन. चर्चची दारं सताड उघडी होती. आत शवपेटी, मेणबत्त्या, कांगोहून नुकतेच या गावी आलेले फादर बोनिफास, आणि ओळीने रिकामी बाकं. रोझोलिनो पहिल्या बाकावर बसला, शेजारी एरसीलिया. त्याने घड्याळ बघितलं. दाराकडे बघितलं. बाहेर एक कुत्रं आलं, आत डोकावलं आणि गेलं.

"कृतघ्न गाव," तो पुटपुटला. "जन्मभर त्यांनी याच्या हातचं खाल्लं."

"इथे लोक उशिरा येतात का?" फादरांनी अदबीने विचारलं.

"आमच्याकडे मयताला लोक आधी येतात, फादर," एरसीलिया म्हणाली. "लग्नाला उशिरा."

थोड्या वेळाने काठीचा आवाज आला. इस्पितळाची पिशवी हातात घेतलेला एक वाळलेला म्हातारा दारात उभा होता. बस गावाच्या वरच्या अंगाला थांबते. तिथल्या भिंतीवर आपल्याच मरणाचा कागद वाचून तो सरळ चर्चमध्ये आला होता. मेलेला ओनोफ्रियो पाणीवाला नव्हे याची खात्री असलेला गावात हा एकटाच माणूस.

"कोण मेलंय?" त्याने विचारलं.

"ओनोफ्रियो त्रोवातो," रोझोलिनो उठून म्हणाला.

"तो मी आहे. आणि तू कोणाचा?"

"मी मोजणीदार त्रोवातो."

"त्रोवातो मीही आहे. या चर्चच्या मेणबत्त्या विझवणाराही त्रोवातोच. मी विचारलं, कोणाचा?"

रोझोलिनो अंगठी फिरवत राहिला. शेवटी एरसीलियाच बसल्या जागेवरून म्हणाली, "मांजरखाऊंचे."

पाणीवाल्याने हॅट काढली. पेटीकडे बघितलं, पेटीवरच्या सिंहाकडे बघितलं, मग मागे वळून एकेका बाकावरून नजर फिरवली. या माणसाची अक्कल पाण्यापुरतीच होती असं लोक म्हणत, पण हे त्याला पटकन कळलं.

"म्हणजे आत रिकोट्टावाला काका आहे," तो म्हणाला. "आणि ही रिकामी बाकं माझी आहेत."

तो हळूच एका बाकावर टेकला.

"तुझ्या बापाच्या वाट्याला माझं मरण आलंय," तो म्हणाला. "गावाला वाटतंय मी गेलो. जा, चौकात जाऊन सांग त्यांना. मी गेलो असतो, पण मला बघून अर्धे घाबरतील आणि अर्ध्यांचा विरस होईल."

"मी सांगू? काय सांगू?"

"तू कोणाचा ते सांग. बाकी ते बघतील."

रोझोलिनो चौकाकडे निघाला. उतार छोटा आहे, पण इतका लांब रस्ता त्याने आयुष्यात मोजला नव्हता. बारमध्ये पत्ते चालू होते. काळ्या सुटातला माणूस दारात बघून खेळ थांबला.

"माझ्या वडिलांचं निधन झालं आहे," रोझोलिनो कचेरीतल्या आवाजात म्हणाला. "अंत्यविधी सुरू होत आहे. आपण यावं."

"वाईट झालं," जेर्लांदो म्हणाला. "कोण वडील?"

"ओनोफ्रियो त्रोवातो."

खेळणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या एकाने पत्ते छातीशी धरून विचारलं, "पाणीवाल्याला मुलगा होता?"

"घरात नव्हता," दुसरा म्हणाला. "बाहेरचा असेल."

"तरीच कागदावर नाव नाही बिचाऱ्याचं."

"नाक बघ ना. नाक तेच आहे."

अख्खा बार हसला. सम्राटाच्या दरबारी कवीचा वंशज पाणीवाल्याचं अनौरस पोर म्हणून दारात उभा होता, आणि त्याचं नाक सगळ्यांच्या तपासणीला होतं. त्याला रडू येत होतं की राग, हे त्याचं त्यालाच कळेना.

जेर्लांदोला त्यातल्या त्यात दया आली. त्याने फडक्याला हात पुसत विचारलं, "नीट सांग बाबा. तू कोणाचा?"

"मांजरखाऊंचा," रोझोलिनो म्हणाला. पण ते इतकं हळू, की त्याच्याच टायने ऐकलं असेल.

"मोठ्यानं बोल."

"मांजरखाऊंचा! मी मांजरखाऊंचा रोझोलिनो. वर चर्चमध्ये माझा बाप एकटा पडलाय."

पत्ते टेबलावर पडले. पडले ते सगळे उताणे, आणि डाव कोण जिंकत होतं तेही कोणी बघितलं नाही. जेर्लांदोने अंगातला एप्रन काढला.

"ओनोफ्रियोकाका?" तो म्हणाला. "काका गेले, आणि तू हे आत्ता सांगतोस? त्या कागदावर कोणतं जनावर छापलं होतंस, गाढवा? ते तर पाणीवाल्याच्या फाटकावरचं आहे."

त्यानंतर रोझोलिनोला काही करावं लागलं नाही. सज्जातून सज्जात, दारातून दारात शब्द गेला: मांजरखाऊ गेला. दुकानांची दारं ओढून घेतली गेली. बायका पिठाच्या हाताने आल्या, न्हाव्याच्या खुर्चीतला तसाच अर्ध्या दाढीने आला. मेंढपाळ चुलतभाऊ बुटांना चिखल घेऊन आला आणि रोझोलिनोच्या शेजारी पहिल्या बाकावर बसला, कारण त्याची जागा तीच होती. चर्च भरलं, मग पायऱ्या भरल्या. पाणीवाला मघाच्याच बाकावर बसला होता. त्याला जिवंत बघून बायकांनी छातीवर क्रूस केला. तो मान वळवून एकेका येणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या बाकावर कोणी बसलं नाही, उभे राहिले.

प्रार्थना झाल्यावर लोक ओळीने हात मिळवायला आले. सांत्वनाचं म्हणून दोन शब्द बोलायचे असतात, पण रोझोलिनोच्या वाट्याला बहुतेक शिव्याच आल्या. नुंझियामावशी नव्वदीकडे झुकलेली. तिने त्याचा हात धरला आणि सोडलाच नाही.

"माझा पोरगा आजारी होता तेव्हा तुझा बाप रोज दारात भांडं ठेवून जायचा. हाकसुद्धा मारायचा नाही, पोराची झोप मोडेल म्हणून. आणि तू त्याला चोरासारखा पुरायला निघालास? एवढी लाज वाटत होती तर बाप कशाला म्हणायचास?"

रोझोलिनोने आपला हात तसाच तिच्या हातात राहू दिला.

पेटी उचलली ती शहरातल्या खांदेकऱ्यांनी नव्हे. त्यांना जेर्लांदोने बाजूला केलं. आमच्याकडे पेटी दारातून बाहेर पडली की टाळ्या वाजवतात. त्या दिवशी टाळ्या सुरू व्हायच्या आत वरच्या सज्जातून कोणीतरी हळूच केलं, "म्याव." मग गल्लीच्या टोकाकडून दुसरं, मग पायऱ्यांवरून, मग सगळीकडून. म्हातारे, पोरं, पोरांच्या आया, सगळे डोळे पुसत म्याव करत होते. फादर बोनिफास आधी दचकले, मग इथली रीत असेल असं समजून त्यांनीही मान झुकवली. रोझोलिनोच्या तोंडून आवाज फुटला नाही. पण त्याचे ओठ हलले, असं एरसीलिया सांगते.

शोकाच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारी जेवण आणतात. म्हाताऱ्याचं बंद घर उघडलं, आणि दुपारपर्यंत टेबलावर कोंबडीचा रस्सा, भाजलेला पास्ता, वांगी, कॉफीचे थर्मास यांची इतकी गर्दी झाली की पाव खिडकीत ठेवावे लागले. जेर्लांदोने रिकोट्टाचं भांडं आणलं. रोझोलिनोने लहानपणापासून रिकोट्टा खाल्लं नव्हतं. त्या दिवशी तो भांड्यातूनच चमच्याने खात बसला.

इथे थांबलो तर रोझोलिनो सुधारला असं वाटेल. पण असली माणसं सुधारत नाहीत, फक्त खूण बदलतात. मरणाला महिना झाल्यावरच्या प्रार्थनेचा कागद लागला त्यावर मांजरखाऊ हे शब्द आडनावाहून मोठे होते. झाऱ्याचा, तिरक्या टोपीचा फोटो होता. शहरातल्या पाटीवरच्या सिंहाची आयाळ रोझोलिनोने कारागिराकडून घासून काढवली आणि मिशा जरा वाढवून घेतल्या. जेवायला आलेल्यांना तो उपासमारीचं साल, पाद्रीबाबा आणि ससा इतक्या तपशिलाने सांगू लागला की एरसीलिया मिठाई आणायला आत जायची ती कॉफी संपेपर्यंत यायची नाही. गावात चमचाचोरांच्या एका पोराने गमतीत स्वतःला मांजरखाऊ म्हणवून घेतलं, तर रोझोलिनोने त्याला चौकात उभं करून झापलं.

उन्हाळ्यात एकदा रोझोलिनो बापाच्या घरी आलेला असताना पाणीवाला त्याच्याकडे आला. आधीपेक्षा आणखी वाळला होता. बाहेरच्या बाकावर बसून त्याने बराच वेळ काठी जमिनीवर फिरवली.

"माझं फार दिवस नाही राहिलं," तो म्हणाला. "एक मागायला आलोय. माझ्या कागदावर मांजरखाऊ लिहू देशील?"

"काय?"

"नाव ओनोफ्रियो त्रोवातो आहेच. खाली तेवढी ओळ. लोक येतील. आत येऊन कळलं तर कळलं, आलेला माणूस लगेच उठून जात नाही." तो हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "मी बघितलंय रे ते चर्च. दोन्ही तऱ्हेनं बघितलंय."

रोझोलिनो ताठ बसला. "ते आमच्या घराण्याचं नाव आहे," तो म्हणाला. "असं कोणालाही वापरता येत नाही."

"जन्मभर तुला नको होतं."

"तो माझा प्रश्न."

पाणीवाल्याने मान हलवली. वाद घातला नाही. जन्मभर झडपा बंद केलेल्या माणसाला बंद झडप चटकन ओळखता येते. तो काठीवर भार देऊन उठला.

"बरं, नाव नको," तो म्हणाला. "तू येशील?"

रोझोलिनोला ते रिकामं चर्च आठवलं, आणि सगळ्यांच्या आधी आत आलेला, इस्पितळाची पिशवी हातात धरलेला हा माणूस. "येईन," तो म्हणाला.

द्राक्षं उतरवायच्या सुमारास पाणीवाला गेला. कागदावर फोटो होता, वय होतं, पोपचा जावई ही ओळही ठळक होती. त्यामुळे या वेळी गावाचा काही घोटाळा झाला नाही, आणि कोणी आलं नाही. चर्चमध्ये फादर बोनिफास, शहरातले खांदेकरी आणि काळ्या सुटातला रोझोलिनो. खांदेकऱ्यांपैकी एकाने त्याच्याजवळ येऊन हळूच विचारलं, "आपण मयताचे कोण?"

"कोणी नाही," रोझोलिनो म्हणाला. "मी मांजरखाऊंचा." आणि तो नातेवाइकांच्या बाकावर जाऊन बसला, कारण तिथे कोणीतरी बसायला हवं होतं.